परीक्षा, प्रकृती आणि वसतिगृह : महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाविषयी आज जे लेखन होते, त्यात हा प्रश्न बहुधा जागतिकीकरण, भ्रमणध्वनी व वाढती स्पर्धा यांतून उद्भवलेला आहे असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक अपुरे आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि तेव्हापासून परीक्षा, परगावचे वास्तव्य, पैशाची चणचण व घराच्या अपेक्षा यांच्या ओझ्याखाली वावरणारा तरुण मराठी समाजात सतत दिसतो. बदलले ते या अवस्थेचे नाव. 'ताण' ही संकल्पना शरीरशास्त्रात रूढ झाली ती हान्स सेल्ये यांच्या १९३६ नंतरच्या संशोधनामुळे. त्यापूर्वीच्या चरित्रांत व आठवणींत आपल्याला भेटतात ती 'प्रकृती ढासळली', 'डोळे अधू झाले', 'अभ्यासाने खंगला' अशी वाक्ये. मनाच्या दुखण्याला तेव्हा देहाच्या भाषेतच बोलता येत होते.

प्रस्तुत निबंधाचा रोख मात्र शब्दांच्या इतिहासावर नाही. विद्यार्थ्याचा भार हलका करण्याची जबाबदारी त्या त्या काळात कोणावर टाकली गेली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पदवीधरांची प्रकृती

१८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता. रानडे यांचे डोळे अतिवाचनाने विद्यार्थिदशेतच बिघडले आणि ही अधू दृष्टी त्यांना जन्मभर पुरली. पुढील पिढीचे चित्र अधिक चिंताजनक होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी, कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी व गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनाही पन्नाशी गाठता आली नाही. ते १८९३ मध्ये निवर्तले. ही माणसे लागोपाठ गेल्यावर सुशिक्षित तरुण अल्पायुषी का ठरतो, हा प्रश्न १८९० च्या दशकात जाहीर चर्चेचा विषय झाला आणि रानडे यांनीही त्यात लक्ष घातले.

आगरकरांचा दमा वा तेलंगांचे आजारपण केवळ परीक्षेमुळे उद्भवले असे म्हणणे अर्थातच अशास्त्रीय ठरेल. परंतु समकालीनांनी या मृत्यूंचा संबंध विद्यार्थिदशेतील ओढाताणीशी जोडला, हे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बालविवाह, व्यायामाचा अभाव, परकी भाषेतून होणारे घोकंपट्टीचे शिक्षण, निकृष्ट आहार ही कारणे त्या काळी मांडली गेली. या यादीतील बहुतेक दोष विद्यार्थ्याच्या घरावर किंवा त्याच्या सवयींवर येऊन पडतात. परीक्षापद्धती व विद्यापीठ यांच्याकडे बोट दाखविणारे थोडे होते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून रानडे यांनी चिकाटीने प्रयत्न केले, हा या संदर्भात एक लक्षणीय अपवाद म्हणावा लागेल.

व्यक्तिगत उपायाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बाळ गंगाधर टिळकांचे आहे. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर त्यांनी पहिले वर्ष पुस्तकांऐवजी तालमीला दिले, अभ्यासाच्या दृष्टीने ते वर्ष गमावले आणि किरकोळ प्रकृती कमावून घेतली. हा किस्सा आपण विद्यार्थ्यांना निश्चयाचे उदाहरण म्हणून सांगतो. परंतु एक वर्ष वाया घालविण्याची ऐपत असणे ही त्यामागची अट सहसा सांगितली जात नाही. वऱ्हाडातून हालअपेष्टा सोसत पुण्यास आलेल्या आगरकरांना अशी चैन परवडणारी नव्हती. अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालणाऱ्या या विद्यार्थ्याला आधार मिळाला तो सोबतीचा. डेक्कन कॉलेजच्या परिसरात, टेकडीवरील फिरण्यात टिळक व आगरकर यांचे जे वादविवाद होत, त्यांतून सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय झाला. १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची पूर्वपीठिका म्हणून आपण या संवादांकडे पाहतो. दोन तरुणांनी आपल्या अस्वस्थतेला लावलेली वाट म्हणूनही त्यांच्याकडे पाहता येईल.

ही सोबत ज्यांना लाभली नाही त्यांचे काय झाले, याचे उत्तर आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात आहे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहाराचा आग्रह, लुगडे न सोडण्याचा निर्धार, दूरदेशीच्या पतीची कधी प्रेमळ तर कधी बोचरी पत्रे आणि वैद्यकीचा अवघड अभ्यास असा हा पंचविध भार होता. ज्यांना त्या 'मावशी' म्हणत, त्या कार्पेंटरबाईंचे घर हाच काय तो विसावा. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या जिद्दीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या जिद्दीने किती किंमत वसूल केली, याचा विचार त्या मानाने कमी झाला.

वारापासून वसतिगृहापर्यंत

कोकणातून वा देशावरून पुण्यास येणाऱ्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी समाजाने एक व्यवस्था निर्माण केली होती. आठवड्याच्या सात वारांना सात घरी जेवणे, म्हणजे 'वार लावणे', किंवा माधुकरी मागणे. या प्रथेत अपमानाचे प्रसंग विपुल होते आणि आठवणीपर लेखनातून ते वाचावयास मिळतात. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या मुलाचा चेहरा दररोज कोणीतरी पाहत होते. तो मंगळवारी आला नाही तर मंगळवारच्या घरी ते लक्षात येत होते. अर्थात ही दारे जातीच्या मर्यादेतच उघडी होती. ब्राह्मणेतर व अस्पृश्य विद्यार्थ्याला अशी घरे नव्हती. परळच्या चाळीतील एका खोलीत, सारे कुटुंब झोपलेले असताना पहाटे दोनला उठून भीमराव आंबेडकरांना अभ्यास करावा लागे, यावरून ज्यांच्यासाठी कसलीच व्यवस्था नव्हती त्यांची स्थिती कळते.

या पार्श्वभूमीवर राजर्षी शाहू महाराजांचे कार्य पाहिले पाहिजे. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. 'विद्यार्थी वसतिगृहांची जननी' हे कोल्हापूरचे बिरुद त्यातूनच आले. जातवार वसतिगृहांवर आक्षेप घेता येतो, तो त्या काळीही घेतला जात असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगात हा आक्षेप कृतीने खोडून काढला गेला. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत व श्रम करून शिकत. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा व शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन पातळीवर आले. औरंगाबादेत १९५० साली डॉ. आंबेडकरांनी स्थापिलेले, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय व त्याची वसतिगृहे, तसेच पुण्यात १९५५ मध्ये सुरू झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ही याच परंपरेची पुढील ठिकाणे होत. मिलिंदच्या परिसरातील तरुणांनी सोसलेले दुःख पुढे लेखणीतून व्यक्त केले आणि मराठी साहित्याचा नकाशा बदलला. बोलण्यास जागा मिळाली की मन काय करू शकते, याचा हा मोठा पुरावा आहे.

या संस्थापकांपैकी कोणीही मानसिक आरोग्य हा शब्द वापरला नाही. परंतु पोटभर जेवण, झोपावयास जागा, सहाध्यायी आणि रात्री विचारपूस करणारे वडीलधारे माणूस या चार गोष्टींची तरतूद त्यांनी संस्थेचे कर्तव्य म्हणून केली. १८९० च्या दशकातील चर्चेने विद्यार्थ्याची सवय तपासली, वसतिगृहकर्त्यांनी त्याची परिस्थिती तपासली. प्रस्तुत लेखकाच्या मते हा फरक मूलभूत आहे.

समुपदेशन कक्ष आणि नंतर

विसाव्या शतकाच्या अखेरीस मनोविकारशास्त्राची भाषा आपल्या महाविद्यालयांत पोहोचली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली; त्या कार्याने मनाच्या आजाराविषयी उघडपणे बोलणे मध्यमवर्गात तरी शक्य झाले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावयाचे असते; ती शिक्षेला पात्र गुन्हेगार ठरत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध झाली. हे सारे स्वागतार्ह आहे.

तथापि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. शाळकरी मुलेही या संख्येत आहेत, हे लक्षात घेऊनही ज्या राज्याने वसतिगृहांची परंपरा घडविली त्याने या आकड्यापाशी थांबावयास हवे.

दरम्यान ती परंपराच पातळ होत गेली आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून रक्कम थेट खात्यावर दिली जाते. गरजू विद्यार्थ्याला तिचा आधार आहे हे निःसंशय. पण पैशाने खोली मिळते, पंगत मिळत नाही. शहरात कॉट बेसिसवर राहणारा, खानावळीचा डबा खाणारा व अभ्यासिकेत दिवस काढणारा विद्यार्थी मंगळवारी दिसला नाही, तर ते कोणाच्या लक्षात येते?

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्या. एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती गट नेमला आणि २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असे निर्देश दिले. विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा संस्थेच्या दारी आला, ही त्यातील महत्त्वाची बाब. परंतु आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले वास्तव असे की, समुपदेशन कक्षाची पाटी नॅकच्या भेटीपूर्वी लागते आणि कक्षाची किल्ली कार्यालयात असते. पालक-शिक्षक योजनेत प्रत्येक अध्यापकाकडे विद्यार्थ्यांची यादी सोपविलेली असते. त्या अध्यापकांतील कित्येक जण तासिका तत्त्वावर असतात आणि घड्याळी तास संपताच त्यांना दुसऱ्या महाविद्यालयाची बस गाठावयाची असते. विद्यार्थ्याला बोलावेसे वाटते ते बहुधा तास संपल्यावर. त्या अर्ध्या तासाची नोंद कोणत्याही कार्यभार-तक्त्यात होत नाही आणि त्याचे मानधनही कोठे मंजूर झालेले नाही.