उंच गडी जायबंदी होतो तेव्हां

बास्केटबॉलच्या मैदानावरील लोखंडी कडें जमिनीपासून बरोबर दहा फूट उंचीवर असतें. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें फळें भरावयाच्या दोन करंड्या व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला टांगल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून कडेंहि पुढें दहा फुटांवरच राहिलें. या एका आंकड्यानें खेळाच्या सगळ्या इतिहासाला वळण दिलें. साडेपांच फुटांच्या माणसाला तें कडें आभाळांत लटकल्यासारखें वाटतें. सात फुटांच्या माणसाला तेथवर पोंचण्यास लहानशी उडी पुरते. या उंच गड्यावर संघ किती विसंबून असतो, आणि तो ऐन हंगामांत जायबंदी झाला म्हणजे अमेरिकेंतील कॉलेजांच्या संघांचें काय होतें, हें कांहीं ऐतिहासिक उदाहरणांवरून सांगण्याचा आज माझा विचार आहे.

उंच गड्याचें महत्त्व नियमांच्या इतिहासावरूनच ध्यानांत येतें. जॉर्ज मायकन व बॉब कर्लंड हे दोन उंच विद्यार्थी कड्याकडे उतरणारा चेंडू वरच्यावर उडवून लावूं लागले, तेव्हां १९४४-४५ च्या हंगामापासून तसें करण्यास बंदी झाली. चढाई करणाऱ्या गड्याला कड्यासमोरच्या ज्या पट्टींत तीन सेकंदांहून अधिक काळ ठाण मांडतां येत नाहीं, ती पट्टी १९५६-५७ मध्यें सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यांत आली. १९६७ पासून १९७६ पर्यंत तर चेंडू वरून कड्यांत कोंबण्याचीच मनाई होती. इतकें करूनहि त्या गड्याचें महत्त्व रतिभर कमी झालें नाहीं. जें नियमांना वर्षानुवर्षें साधलें नाहीं, तें एक दुखावलेला गुडघा एका क्षणांत साधून जातो.

याचें कारण काय? वीस गुण करणारा गडी गेला म्हणजे वीस गुण गेले, असा हिशेब वरवर पाहणारा करतो. पण तो पुरा नव्हे. उंच गडी कड्याखालीं उभा असला, म्हणजे प्रतिपक्षाचे लोक तेथवर येण्यासच कचरतात आणि दुरून फेक करतात. हुकलेली फेक फळीवर आपटून परतते, ती त्याच्या हातीं पडते. चढाईच्या वेळीं त्याला रोखण्यास दोघे धांवतात, म्हणून त्याचा एखादा सोबती मोकळा सुटतो. त्या सोबत्याची अचूक फेक लोकांना दिसते. तिच्यामागें दुसऱ्याची उंची होती, हें दिसत नाहीं. तो निघून गेला म्हणजे उरलेल्या चौघांचीं कामेंहि बदलतात. ठेंगण्या गड्यांना उंच प्रतिस्पर्ध्याला अडवावें लागतें. त्या ओढाताणींत त्यांच्या नांवावर अपराध चढतात, आणि पांच अपराध झाले कीं गड्याला बाहेर बसावें लागतें. आढें मोडल्यावर वासे कितीहि भक्कम असले तरी छप्पर उभें राहत नाहीं, तसाच हा प्रकार होय.

त्यांतून कॉलेजची अडचण अधिक बिकट. धंदेवाईक संघ पैसे मोजून दुसरा गडी आणूं शकतो. कॉलेजला हंगामाच्या मध्यावर सात फुटांचा विद्यार्थी कोठून मिळणार? शिवाय राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा बाद पद्धतीची आहे. एकदां हरलें कीं घरीं.

पहिलें उदाहरण १९७० सालचें. न्यूयॉर्क राज्यांतील सेंट बोनाव्हेंचर ही फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंची एक लहानशी संस्था. तिच्या संघांत बॉब लनिअर हा सहा फूट अकरा इंच उंचीचा गडी होता, आणि त्याच्या बळावर त्या वर्षीं संघ केवळ एक सामना हरला होता. १४ मार्च रोजीं व्हिलानोव्हाविरुद्ध विजय हातांत आला असतांनाच एका प्रतिस्पर्ध्याशीं टक्कर होऊन लनिअरच्या गुडघ्याचा बंध तुटला. तो सामना ९७-७४ असा जिंकून सेंट बोनाव्हेंचर शेवटच्या चार संघांत गेलें, पण लनिअरवांचून. पांच दिवसांनीं उपांत्य सामन्यांत समोर जॅक्सनव्हिलचा संघ उभा राहिला, आणि त्या संघांत सात फूट दोन इंचांचा आर्टिस गिलमोर! बोनाव्हेंचरच्या मुलांनीं शर्थ केली. परंतु उंचीची उणीव शर्थीनें भरून निघाली नाहीं, आणि सामना ८३-९१ असा गेला. केवळ आठ गुणांचा हा फरक त्या संस्थेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मनांत पुढें कित्येक वर्षें सलत राहिला.

दुसरें उदाहरण २००० सालचें. सिन्सिनाटी विद्यापीठाचा संघ त्या मार्चमध्यें देशांत पहिल्या क्रमांकावर होता. तीस सामन्यांपैकीं अठ्ठावीस त्यानें जिंकले होते. सहा फूट नऊ इंचांचा केन्यन मार्टिन हा त्याचा कणा. ९ मार्च रोजीं मेंफिस येथें सेंट लुईसविरुद्धचा सामना सुरू होऊन चार मिनिटेंहि झालीं नव्हतीं, तोंच मार्टिनच्या पायाचें हाड मोडलें. संघ तो सामना ५८-६८ असा हरला. घर फिरलें म्हणजे घराचे वासेहि फिरतात, ही म्हण किती खरी, हें तीन दिवसांत दिसून आलें. राष्ट्रीय स्पर्धेची मांडणी करणाऱ्या समितीनें मार्टिन नाहीं हें लक्षांत घेऊन सिन्सिनाटीला आपल्या विभागांत पहिलें मानांकन न देतां दुसरें दिलें. हंगामभराची पुण्याई एका हाडाबरोबर मोडली, यावर त्या वेळीं बराच वाद माजला. दुसऱ्याच फेरींत टल्सा संघानें सिन्सिनाटीला ६९-६१ असें हरविलें, तेव्हां समितीचा अंदाज खरा ठरला असें कित्येकांनीं म्हटलें. परंतु ज्या मुलांनीं पांच महिने घाम गाळला होता, त्यांना त्या शहाणपणाचा काय उपयोग?

या दोन प्रसंगीं जायबंदी गडी मैदानावर येऊंच शकला नाहीं. याहून अवघड प्रसंग तो, जेव्हां अर्धवट बरा झालेला गडी मैदानावर येतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ जॉन वुडन या प्रशिक्षकाच्या हाताखालीं ओळीनें सत्तेचाळीस सामने जिंकून बसला होता. १२ जानेवारी १९६८ रोजीं त्यांच्या ल्यू अल्सिंडरच्या डोळ्याला प्रतिस्पर्ध्याचें बोट लागून बुबुळावर ओरखडा उठला. हाच अल्सिंडर पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगद्विख्यात झाला. त्याच्यावांचून संघानें पुढील दोन सामने जिंकले. मग २० जानेवारीला ह्यूस्टनच्या अवाढव्य ॲस्ट्रोडोममध्यें, ५२,६९३ प्रेक्षकांसमोर, तो डोळा पुरता बरा झालेला नसतां खेळावयास उतरला. अठरा फेकींपैकीं त्याच्या चारच साधल्या. ह्यूस्टनच्या एल्विन हेझनें एकट्यानें एकोणचाळीस गुण केले आणि विजयमालिका ६९-७१ अशी तुटली. दोन महिन्यांनीं, २२ मार्चला, उपांत्य सामन्यांत हेच दोन संघ पुन्हां भिडले. आतां अल्सिंडरची दृष्टि स्वच्छ होती, आणि हेझला कोंडण्याची खास व्यूहरचनाहि वुडननें केली होती. निकाल १०१-६९! हेझला दहाच गुण मिळाले. ह्यूस्टनचाहि एक नेहमीचा गडी त्या दिवशीं नव्हता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. तरी बत्तीस गुणांचा फरक पुष्कळ कांहीं सांगून जातो.

सहा वर्षांनीं त्याच विद्यापीठाच्या बिल वॉल्टनवर तसाच प्रसंग आला. १९७४ च्या जानेवारींत तो उंचावरून पाठीवर आदळला आणि कण्याचीं हाडें दुखावलीं. बारा दिवसांनीं पाठीला पट्टा आवळून तो नोटर डेमविरुद्ध खेळला. शेवटच्या साडेतीन मिनिटांत अकरा गुणांची आघाडी घालवून त्याचा संघ ७०-७१ असा हरला, आणि अठ्ठ्याऐंशी विजयांची परंपरा खंडित झाली. पण त्या एका पराभवापेक्षां पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. त्या दुखापतीनंतर आपण पूर्वींसारखे राहिलों नाहीं, असें वॉल्टन स्वतः सांगत असे. त्यानंतरच्या धंदेवाईक कारकीर्दींत पायाच्या दुखण्यांनीं त्याचे कित्येक हंगाम संपूर्ण बुडाले; २००९ सालीं पाठीच्या कण्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. २०२४ सालीं तो वारला.

मग संस्थांनीं करावें तरी काय? गोन्झागा विद्यापीठाचा दाखला मला बोधप्रद वाटतो. २०१५-१६ च्या हंगामांत त्यांचा सात फूट एक इंच उंचीचा पोलिश विद्यार्थी प्शेमेक कार्नोव्स्की पाठीच्या दुखण्यानें पांच सामन्यांनंतर बाहेर पडला. शस्त्रक्रिया झाली, आणि तो हंगाम त्याला विश्रांति मिळाली. संघानें आपली घडी नव्यानें बसविली, आणि दोमान्तास साबोनिस या दुसऱ्या उंच गड्यावर भार टाकून शेवटच्या सोळा संघांपर्यंत मजल मारली. दुसऱ्या वर्षीं कार्नोव्स्की पूर्ण बरा होऊन परतला, आणि ३ एप्रिल २०१७ रोजीं गोन्झागा प्रथमच अंतिम सामन्यांत उतरलें. नॉर्थ कॅरोलायनाकडून तें ६५-७१ असें हरलें खरें. पण धीर धरल्यानें संघाचें नुकसान झालें, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

ज्या संस्थेनें एका खांबावर सगळा तंबू उभारला, तिला तो खांब कोसळला म्हणजे रडण्याचा अधिकार उरत नाहीं. दुसरा उंच गडी तयार ठेवणें, उरलेल्या चौघांना त्याच्यावांचूनहि खेळावयास शिकविणें, हें प्रशिक्षकाचें काम आहे. आणि त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नसेल तर पराभव पदरीं घेणें, हें संस्थेचें काम आहे. तो गडी वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी असतो. त्या वयाचे विद्यार्थी मैदानावर बोलावलें तर नाहीं म्हणत नाहींत. म्हणून त्यांच्या वतीनें नाहीं म्हणणारा कोणी वडीलधारा तेथें असावा लागतो. करंडक कपाटांत राहतो. गुडघा आणि पाठ हीं मात्र माणसाला जन्मभर बरोबर न्यावीं लागतात.