नाव लुडविग, कारखाना कोणाचा?

बेस ड्रम पायाने वाजवण्याची युक्ती विल्यम लुडविगची नव्हे. तशी पेडलं त्याच्या आधीही होती, पण शिकागोत रॅगटाइमच्या लयीला ती पुरी पडेनात. तेव्हा त्याने स्वतःचं चपळ पेडल घडवलं आणि 1909 मध्ये धाकटा भाऊ थिओबाल्डसह ते विकायला सुरुवात केली. स्नेअर एकाने, बेस ड्रम दुसऱ्याने वाजवायची ही विभागणी मागे पडत गेली आणि सगळा पसारा एकाच बसलेल्या माणसाकडे आला. आजच्या ड्रमसेटचं कूळ शोधायचं तर मी इथूनच शोधेन.

पुढे बोलपट आले, थिएटरांतले वादक बेकार झाले आणि लुडविग कंपनी इंडियानातल्या कॉन कंपनीकडे गेली. विल्यमने 1937 मध्ये शिकागोत पुन्हा कारखाना काढला, पण आडनावही विकलं गेलेलं! त्याला नव्या ड्रमवर ‘डब्ल्यूएफएल’ ही आद्याक्षरंच घालावी लागली. नाव परत विकत घेतलं ते 1955 मध्ये. म्हणजे या अठरा वर्षांतला ‘लुडविग’ बॅज असलेला ड्रम लुडविगच्या कारखान्यातला नाही. ‘लीडी अँड लुडविग’ असा जोडबॅज दिसला तर तो 1950 नंतरचा, कॉनकडचा.

साठच्या दशकात कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा, म्हणजे ‘कीस्टोन’ आकाराचा बॅज आला. 1963 मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने लंडनच्या ‘ड्रम सिटी’तून काळ्या ऑयस्टर पर्लचा लुडविग घेतला, पुढच्या फेब्रुवारीत तो अमेरिकेच्या टीव्हीवर दिसला आणि कारखान्याला मागणी पुरवता पुरवता नाकीनऊ आले. याच सुमारास बॅजवर नंबर पडू लागले. गोची अशी की कामगार हाताला येईल तो बॅज ठोकत. त्यामुळे मोठ्या नंबराचा ड्रम आधीचा निघू शकतो. विकणारे मात्र नंबर जन्मदाखल्यासारखा पुढे करतात.

खरी साक्ष शेलच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या, आत असते. लाल शाईचा तारखेचा शिक्का मिळाला तर उत्तमच, पण तो सगळ्यांवर नसतो. पांढरा रंग असेल तर साठच्या दशकाची सुरुवात धरावी. नंतर नुसतं वार्निश आलं आणि 1968 च्या आसपास करडा, ठिपक्यांचा लेप. कडेला आतून लाकडी कडं आहे का, हेही पाहावं. सत्तरच्या दशकात जाड शेल आल्यावर ते गेलं. बुजवलेली किंवा जास्तीची भोकं दिसली तर टॉमचा होल्डर, पाय किंवा लग बदललेत असं समजावं. असा ड्रम वाजवायला चांगला असेल, पण अस्सल म्हणून दाम मोजू नये.

तेव्हा कोणी नुसता नंबर सांगू लागला, तर आधी हेड उतरवून शेल आतून दाखवायला सांगा.