नसेच्या ऑपरेशननंतर कुल्ल्यात कळ येते? ओटीपोटाला रक्त कमी पडत असेल

बिदर-भालकीकडचे रुग्ण नसांच्या मोठ्या ऑपरेशनसाठी बहुधा हैदराबाद गाठतात, तर आळंद-अफजलपूरकडचे सोलापूर. पोटातल्या महाधमनीला फुगा आला तर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट बसवतात आणि रुग्ण काही दिवसांत गावी परततो. काही त्रास मात्र घरी आल्यावरच कळतात.

असं का होतं?
महाधमनी बेंबीजवळ दोन फांद्यांत विभागते. प्रत्येक फांदीला पुढे दोन फाटे फुटतात. बाहेरचा पायाकडे जातो. आतला, म्हणजे इंटर्नल इलियाक, कुल्ले, मूत्राशय, गुदाशय आणि जननेंद्रियांना रक्त पुरवतो. फुगा फांदीपर्यंत उतरला असेल, तर आतला फाटा कधी कधी मुद्दाम बंद करावा लागतो. नाहीतर त्यातून रक्त उलटं फुग्यात शिरतं.

कोणते त्रास होतात?
• कुल्ल्यात कळ: फाटा बंद केलेल्या साधारण चारपैकी एका रुग्णाला होते. चालताना कुल्ला-मांडी भरून येते, नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत उतरते. मणक्याच्या त्रासात बहुधा बसावं किंवा वाकावं लागतं. रोज चालण्याने बऱ्याच जणांची कळ काही महिन्यांत कमी होते.
• पुरुषांत ताठरता कमी होणं: लाजू नका, डॉक्टरांना सांगा. मनाने गोळी घेऊ नका; हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असेल तर जीवावर बेतू शकतं.
• आतड्याला रक्त कमी पडणं: क्वचित होतं, पण घातक. ऑपरेशननंतरच्या दिवसांत पोट दुखून रक्ताची जुलाब झाली, तर मूळव्याध समजून घरी थांबू नका.
• मज्जारज्जूला रक्त कमी पडणं: फार क्वचित. पाय लुळे पडतात, लघवी अडते.

शेवटच्या दोन्हींत एक तासही घालवू नका. १०८ ला फोन करा.

ऑपरेशनआधी काय विचाराल?
आतला फाटा बंद करणार का? एका बाजूचा तरी वाचेल का? फाट्यासाठी वेगळी फांदी असलेला स्टेंट बसू शकतो. सगळ्यांनाच तो जमत नाही आणि खर्चही वाढतो. दोन्ही बाजू बंद केल्या तर त्रासाची शक्यता जास्त.

घरी आल्यावर
बिडी, गुटखा, तंबाखू कायमची सोडा. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनची सीडी जपून ठेवा. ऑपरेशन परराज्यात झालं असेल, तर कोणता फाटा बंद केलाय हे इथल्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.