पदक कोणाचे? चित्रपटाचे की माणसाचे?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा आरंभ मराठी माणूस अभिमानाने सांगतो. १९५३ च्या चित्रपटांसाठी १९५४ मध्ये हे पुरस्कार प्रथम दिले गेले आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने मिळवले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’च्या वाट्याला गुणवत्ता प्रमाणपत्र आले. एवढे आपल्याला पाठ आहे. पण त्या पहिल्या यादीत काय आहे, यापेक्षा काय नाही, हे मला अधिक बोलके वाटते.

त्या यादीत वनमालाबाई नाहीत. छोटा माधव वझेही नाही. ज्या आईने आणि ज्या मुलाने तो चित्रपट तोलून धरला, त्यांना देण्यासारखे पदकच शासनाकडे नव्हते. अभिनय, संगीत, छायालेखन, संकलन यांपैकी कशासाठीही वेगळा पुरस्कार नव्हता. गौरव चित्रपटाचा होता. अत्रे स्वतःच निर्माते आणि दिग्दर्शक होते, म्हणून तो त्यांच्या नावावर लागला.

हे त्या काळाला धरूनच होते, असे म्हणता येत नाही. त्याच १९५४ च्या मार्चमध्ये मुंबईत ‘फिल्मफेअर’चा पहिला समारंभ झाला. तिथे चित्रपटाबरोबरच दिलीपकुमार, मीनाकुमारी, नौशाद आणि बिमल रॉय यांची नावे पुकारली गेली. म्हणजे माणसांचा सन्मान करण्याची कल्पना समोर होती. शासनाने मात्र ती उचलली नाही.

का उचलली नाही, याचे उत्तर शासनाच्या तेव्हाच्या दृष्टीत शोधावे लागते. १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९५१ मध्ये आला. समितीच्या नावातला ‘चौकशी’ हा शब्दच पुरेसा आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकर या पुण्यात जन्मलेल्या मराठी मंत्र्यांकडे आले आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. श्रोते सिलोन केंद्राकडे वळले. एका हाताने गाणी बंद करणारे आणि दुसऱ्या हाताने सुवर्णपदक देणारे खाते एकच होते. यात विसंगती दिसते, पण माझ्या मते दोन्हींमागचा विचार एक होता. चित्रपट हे लोकांवर परिणाम करणारे साधन. ते चांगले असेल तर उत्तेजन द्यावे, नसेल तर आवरावे. साधनाला प्रशस्तिपत्र देता येते. ते घडवणारा नट वा गायक कलावंत आहे, हे मान्य करणे ही पुढची पायरी होती.

नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या पुस्तकावरचा, संस्कारांची कथा सांगणारा चित्रपट या दृष्टीत सहज बसला. मात्र केवळ उपदेशालाच पदके मिळाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५५ च्या चित्रपटांतून सुवर्णपदक ‘पथेर पांचाली’ला गेले, आणि त्या चित्रपटात उपदेशाचा एक शब्द नाही.

ती पुढची पायरी चढायला चौदा वर्षे लागली. १९६७ च्या चित्रपटांपासून अभिनयाचे पुरस्कार सुरू झाले. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. पुढच्याच वर्षी बालकलाकाराचा पुरस्कार आला. १९६९ च्या पुरस्कारांबरोबर दादासाहेब फाळके यांच्या नावाचा सन्मान सुरू होऊन तो प्रथम देविका राणी यांना मिळाला. स्वतः फाळके १९४४ मध्ये नाशिकला वारले, तेव्हा असे काही अस्तित्वातच नव्हते.

या बदलाचे मोल ‘श्वास’च्या वेळी दिसले. ‘श्यामची आई’नंतर मराठीला पुन्हा सुवर्णकमळ मिळाले ते २००३ च्या पुरस्कारांत, संदीप सावंत यांच्या या चित्रपटामुळे. याही चित्रपटाच्या केंद्रस्थानी एक लहान मुलगाच होता. या वेळी मात्र अश्विन चितळेचे नाव यादीत होते.

३ मे २०१८ च्या समारंभातला वाद मला याच धाग्याने समजतो. राष्ट्रपती केवळ ११ पुरस्कार देणार आणि बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते मिळणार, हे आयत्या वेळी कळल्यावर पन्नासहून अधिक मानकरी विज्ञान भवनात गेले नाहीत. ‘पदक महत्त्वाचे, हात कोणाचा याला काय महत्त्व?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले. गौरव फक्त चित्रपटाचा असता, तर हा प्रश्न रास्त ठरला असता. पण ध्वनिमुद्रक, संकलक, वेशभूषाकार यांना एकेकटे बोलावून, त्यांचे नाव घेऊन पदक देण्याची रीत शासनानेच घातली होती. पडद्यावर ज्यांचा चेहरा कधी दिसत नाही, त्यांना देशाच्या प्रथम नागरिकासमोर उभे राहण्याची ही बहुधा एकमेव संधी. तिचे दोन भाग पडले, तेव्हा आपली कला खालच्या पंगतीत बसवली गेली, असे त्यांना वाटले. ते चूक म्हणता येईल का?

सप्टेंबर २०२५ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून पुन्हा ‘श्यामची आई’ हेच नाव पुकारले गेले. या वेळचा चित्रपट सुजय डहाके यांचा. त्याच समारंभात ‘नाळ २’ आणि ‘जिप्सी’मधल्या मराठी मुलांनी बालकलाकाराचे पुरस्कार घेतले. पहिल्या श्यामच्या वेळी अशा मुलांसाठी यादीत रकानाच नव्हता.