खासदारांच्या आठवणी: पुरावा की बाजू?

तर झालं असं. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा गाइड मॅडमकडून परत आला. पानोपानी लाल शाई असेल अशी तयारी ठेवली होती, पण तसं काही नव्हतं. फक्त एका वाक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला होता आणि समासात दोनच शब्द लिहिले होते: "कोणाच्या मते?"

माझं वाक्य असं होतं: "१९५६ मध्ये मुंबईबाबतचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर करण्यात आला." तळटिपेत चिंतामणराव देशमुखांचं नाव होतं. मला वाटलं, त्या वेळचा अर्थमंत्री स्वतः सांगतोय, आता याहून वेगळा पुरावा कुठून आणायचा? पण पेन्सिलीचा तो गोल सुटेना. पुढचे पंधरा दिवस त्या एका वाक्यात गेले. त्या पंधरा दिवसांत जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय. तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत आणि राजकीय इतिहास करणारा प्रत्येक जण आज ना उद्या कुणा खासदाराचं आत्मचरित्र उघडतोच.

प्रसंग काय होता?

देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री होते आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला. मुंबईत उद्रेक झाला, गोळीबार झाले, माणसं मेली. पुढे जुलैमध्ये देशमुखांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत निवेदन केलं. त्यात त्यांचे दोन मुद्दे ठळक होते. एक म्हणजे मुंबईबाबत मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय झाला नाही, आणि दुसरा म्हणजे गोळीबाराची चौकशी करायला सरकार तयार नाही. नेहरूंनी पहिला आरोप सभागृहातच नाकारला.

आता गंमत बघा. "नेहरूंनी नाकारला" हे माझ्या खर्ड्यात कुठेच नव्हतं. मी एका बाजूचं म्हणणं घेतलं, त्याला तळटीप लावली आणि त्याची घटना करून टाकली.

पहिला प्रश्न: कधी लिहिलं?

देशमुखांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं १९७४ मध्ये, म्हणजे राजीनाम्यानंतर अठरा वर्षांनी. मधल्या काळात काय काय होऊन गेलं? १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. नेहरू १९६४ मध्ये गेले. देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले. १९५६ च्या जुलैत उभं राहून बोलणाऱ्या माणसाला या गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. १९७४ मध्ये लिहिणाऱ्याला माहीत होता. दोघं एकच व्यक्ती असली तरी इतिहासासाठी ते दोन वेगळे साक्षीदार धरायचे.

दुसरा प्रश्न: कुठे बोलले?

घटनेच्या कलम १०५ नुसार खासदार सभागृहात जे बोलतो त्यासाठी त्याच्यावर कोर्टात खटला भरता येत नाही. तेच वाक्य पुस्तकात छापलं की हे संरक्षण संपतं. तिथे अब्रुनुकसानीचा कायदा उभा असतो. शिवाय मंत्री झालेल्या माणसाने गोपनीयतेची शपथ घेतलेली असते, साध्या खासदाराने नाही. त्यामुळे माजी मंत्र्याच्या आठवणी वाचताना मी आता वहीत दोन रकाने करतो: त्याला काय सांगायचं नव्हतं, आणि त्याला काय सांगता येत नव्हतं.

अर्थात सभागृहाचं इतिवृत्त म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. कामकाजातून वगळलेले शब्द त्यात सापडत नाहीत आणि लॉबीत काय शिजलं तेही सापडत नाही. पण त्याचा एक मोठा फायदा आहे: ते त्याच दिवशीचं असतं आणि विरोधी बाजूचं उत्तर त्याच चर्चेत मिळतं. आत्मचरित्रात विरोधकाला बोलायची पाळीच येत नाही.

तिसरा प्रश्न: छापलं कधी, आणि कुणाच्या हातून?

मौलाना आझाद हे १९५२ आणि १९५७ असे दोनदा लोकसभेवर निवडून आले. त्यांचं 'इंडिया विन्स फ्रीडम' हे पुस्तक ते वारल्यावर, १९५९ मध्ये निघालं. आझाद उर्दूत सांगत गेले आणि हुमायून कबीर यांनी ते इंग्रजीत लिहिलं. सुमारे तीस पानं मात्र तीस वर्षांसाठी सीलबंद ठेवली होती. ती पानं १९८८ मध्ये बाहेर आली आणि मग पूर्ण आवृत्ती निघाली. म्हणजे १९७५ चा संशोधक आणि १९९५ चा संशोधक एकाच नावाचं पुस्तक वाचत होते, पण मजकूर एक नव्हता. तेव्हा आत्मचरित्राचा संदर्भ देताना आवृत्तीचं वर्ष लिहाच. मी आधी लिहीत नव्हतो.

काकासाहेब गाडगीळ हे आणखी एक उदाहरण. पहिल्या मंत्रिमंडळात ते बांधकाम, खाणी आणि वीज या खात्यांचे मंत्री होते. १९५७ मध्ये पुण्यातून ते हरले, त्यांना हरवलं ना. ग. गोरे यांनी. सरकारच्या आतला कारभार सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६८ चं, आणि काकासाहेब १९६६ मध्येच वारले होते. नेहरू आणि पटेलही तोवर हयात नव्हते. आता त्या पानांवर वाद घालायचा तर कोण कोणाशी घालणार? अशा वेळी पुस्तकाबाहेरचा कागद शोधण्याची जबाबदारी आपल्यावर येते: पत्रव्यवहार, इतिवृत्त, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं.

चौथा प्रश्न: काय लिहिलंच नाही?

यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' १९८४ मध्ये आलं. ते वाचायला घेतलं तेव्हा मी आधी उलटीकडून पानं चाळली. १९६२ चा संरक्षणमंत्री, नंतरचा गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री कुठे सापडतोय ते बघायचं होतं. तो सापडत नाही, कारण पुस्तक १९४६ पाशी थांबतं. मुंबईचा आणि दिल्लीचा काळ पुढच्या भागांत येणार होता. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले आणि ते भाग राहूनच गेले.

मी थोडा चिडलोच होतो. मग लक्षात आलं की हीसुद्धा माहितीच आहे. दिल्लीत दोन दशकं काढलेला नेता लिहायला बसतो तेव्हा सुरुवात देवराष्ट्रे आणि कराडपासून करतो, आईपासून, शाळेपासून करतो. दिल्लीसाठी त्याला वेळ मिळाला नाही, हे खरं. पण आपल्या हातात त्याने स्वतः रंगवलेला घडणीचा काळ आहे, सत्तेचा नाही. याचा परिणाम आपल्या लेखनावर होतो: चव्हाणांच्या तरुणपणाबद्दल आपण त्यांच्या शब्दांत लिहितो आणि सत्ताकाळाबद्दल इतरांच्या. ही दरी वाचकाला सांगायला हवी.

आता माझं काय चुकलं ते

हे सगळे प्रश्न पुस्तकांना विचारून झाल्यावर एक प्रश्न उरला, तो मला स्वतःला. मी ते वाक्य इतकं पटकन खरं का मानलं?

उत्तर घरात होतं. माझे आजोबा गिरणीत होते. फ्लोरा फाउंटन, मोरारजीभाई, १०६ हुतात्मे हे सगळं मी शाळेच्या पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकलं. देशमुखांचा राजीनामा ते असा सांगत की जणू ते स्वतः लोकसभेच्या गॅलरीत बसले होते. मला देशमुख बरोबर असायला हवे होते. म्हणून मी त्यांना पुरावा मागितला नाही. याच प्रसंगात नेहरूंचं आत्मकथन माझ्यासमोर आलं असतं, तर मी शंभर प्रश्न विचारले असते.

आणि आजोबा खोटं सांगत होते का? अजिबात नाही. त्यांनी गोळीबार पाहिला होता. त्यांची आठवण १९५६ मध्ये गिरणगावाला काय वाटलं याचा पक्का पुरावा आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत काय झालं याचा मात्र नाही. आठवण कशाचा पुरावा आहे, हे ठरवण्यातच आपलं निम्मं काम असतं.

शेवटी वाक्य असं झालं: "मुंबईबाबत मंत्रिमंडळाशी विचारविनिमय झाला नाही, असा आरोप देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये लोकसभेत केला, नेहरूंनी तो नाकारला." वाक्य थोडं कोरडं झालं, पण त्यातून एक नवा प्रश्न निघाला, जो आधी सुचलाच नव्हता. देशमुखांना नुसतं "मी महाराष्ट्राचा आहे" म्हणून बाहेर पडता आलं असतं. त्यांनी कार्यपद्धतीचा मुद्दा का पुढे केला? १९५६ मध्ये 'मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी' म्हणजे नेमकं काय समजलं जात होतं? आता माझं अख्खं चौथं प्रकरण याच प्रश्नावर उभं राहतंय. आरोपाला घटना समजलो असतो तर हा प्रश्न पडलाच नसता.

तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही माजी खासदाराचं आत्मचरित्र घ्या आणि त्यातला एकच प्रसंग निवडा. त्या तारखेचं संसदेचं इतिवृत्त ऑनलाइन शोधा आणि त्या आठवड्याचं वर्तमानपत्र ग्रंथालयात बघा. तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि कुठे जुळत नाही तेवढंच वहीत लिहा. जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा तुमचा विषय असतो.

मॅडमनी नवा खर्डा वाचला. त्या वाक्यापाशी या वेळी गोल नाही. पुढच्या पानावर मात्र दोन आहेत. बसतो कामाला.