द थिंग ऑन द फोरबल बोर्ड : नभोनाट्य व श्रोत्यांची मते

‘क्वायट, प्लीज’ या अमेरिकन नभोनाट्यमालिकेतील अर्ध्या तासाची भयकथा. लेखक-दिग्दर्शक विलिस कूपर. निवेदक आणि प्रमुख नट अर्नेस्ट चॅपल. म्युच्युअल या नभोवाणी कंपनीवरून सोमवार, ९ ऑगस्ट १९४८ रोजी प्रसारित. मालिका ८ जून १९४७ रोजी सुरू झाली, १९४८ च्या सप्टेंबरात एबीसीकडे गेली आणि २५ जून १९४९ रोजी बंद पडली. तिला प्रायोजक लाभला नाही. शंभराहून अधिक भागांपैकी आज सर्वाधिक ऐकला जाणारा आणि सर्वाधिक वाद ज्यावर होतो, तो भाग हाच.

फोरबल बोर्ड म्हणजे तेलविहीर खोदण्याच्या मनोऱ्यावर उंच बसवलेली अरुंद फळी. खोदाईच्या नळ्या वर ओढून, टोकाला टोक जोडलेल्या चार-चारांच्या संचाने उभ्या रचतात, तेव्हा वरची टोके सांभाळणारा कामगार या फळीवर उभा राहतो. एक नळी साधारण ३० फुटांची. त्यावरून उंचीचा अंदाज येतो. तेलक्षेत्राबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांना हे नाव ऐकून काहीच बोध होत नाही, आणि कूपरच्या ते पथ्यावरच पडले.

कथानक : पोर्की नावाचा जुना तेलकामगार घरी आलेल्या पाहुण्याला वीस वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो. विहिरीतून मैलभर खोलीवरच्या खडकाचा नमुना वर येतो, तर त्यात सोन्याची अंगठी सापडते आणि पाठोपाठ एक दगडी बोट. बोटावरचा चिखल पुसला की ते दिसेनासे होते. हाताला मात्र लागते. नमुना तपासणारा भूवैज्ञानिक बिली ग्रुएनवाल्ड मनोऱ्यावरून पडून मरतो. वर काहीतरी आहे आणि ते लहान मुलासारखे रडते आहे, हे कळल्यावर पोर्की त्याच्यावर रंग ओततो. रंगातून उमटतो तो मुलीचा चेहरा; बाकीचे शरीर माणसाचे नसते. पुढे हाच जीव पोर्कीची ‘बायको’ होतो, आणि पाहुण्याला घरात का थांबवून घेतले आहे याचा उलगडा अखेरीस होतो. पाहुणा एक अक्षरही बोलत नाही. पोर्की ‘तुम्ही’ म्हणतो ते थेट रेडिओपुढे बसलेल्याला.

आज ज्या श्रोतृमतांची चर्चा होते, ती मुख्यतः मूळ प्रसारणानंतर बऱ्याच काळाने, ध्वनिमुद्रणे संग्राहकांच्या हातून फिरू लागल्यावर तयार झालेली आहेत. अमेरिकन रेडिओवरील सर्वांत भीतिदायक भाग कोणता, या प्रश्नाला जुन्या नभोनाट्यांचे रसिक वारंवार हेच नाव देतात. स्पर्धेत असतात ती ‘सस्पेन्स’मधील ‘सॉरी, राँग नंबर’ आणि ‘एस्केप’मधील ‘थ्री स्केलेटन की’. ही तुलना फारशी न्याय्य नाही. पहिले टेलिफोनवर ऐकलेल्या खुनाच्या कटाचे, दुसरे दीपगृहाला वेढणाऱ्या उंदरांचे. दोन्हींतला धोका आपल्या जगातला आहे. कूपरचा धोका या जगातला नाही, म्हणून तो पटवून द्यावा लागतो, आणि मते फुटतात ती या पटवण्याच्या रीतीवरूनच.

पहिली तक्रार संथपणाची. सुरुवातीचा बराच वेळ नळ्या, नमुने, पाळ्या आणि कामगारांची थट्टामस्करी यांत जातो. भूतकथेच्या अपेक्षेने बसलेले अनेकजण इथेच कंटाळतात. उलट पक्षाचे म्हणणे असे की, ज्याला आपल्या कामाची इतकी बारीक माहिती आहे तो माणूस खोटे बोलत नसणार, असा विश्वास याच वेळात बसतो. हा दुसरा पक्ष बरोबर आहे. चॅपल इथे अभिनय करतोय असे वाटतच नाही. तो नुसता बोलतो, मध्ये थांबतो, शब्द शोधतो. तेलखाणीची ही बडबड कापली, तर उरणारी गोष्ट कोणत्याही स्वस्त भयकथा-मासिकात खपून गेली असती.

खरा वाद आहे तो आवाजाचा. त्या जीवाला आवाज दिला सेसिल रॉय या अभिनेत्रीने. मुलांचे आणि प्राण्यांचे आवाज काढण्यात तिचा हातखंडा होता. या भागातले तिचे कण्हणे काहींना तान्ह्या मुलाचे रडणे वाटते, काहींना मांजराचे, तर काहींना या दोन्हींच्या मधले, नाव नसलेले काहीतरी. ज्यांना ते जनावराचे वाटते ते घाबरतात. ज्यांना त्यात मूल ऐकू येते त्यांना मात्र दया येते, आणि मग गोष्टीचा सारा तोलच बदलतो : मैलभर खोलीतून ओढून काढलेला, बोट तुटलेला, वाट चुकलेला जीव एका बाजूला, आणि त्याला घरात ठेवून, रंगवून-सजवून बायको म्हणवणारा माणूस दुसऱ्या बाजूला. अलीकडच्या श्रोत्यांत दया वाटणाऱ्यांची संख्या वाढताना दिसते. त्यांच्या मते या कथेतला राक्षस पोर्कीच. कूपरच्या मनात नेमके काय होते यावर भांडण्यात अर्थ नाही. संहितेत दोन्ही वाचनांना पुरेशी जागा आहे.

शेवटावरही एकमत नाही. अदृश्य दगडी जीवाशी संसार ही कल्पना काहींना हास्यास्पद वाटते, आणि शेवट घाईने उरकला असा आक्षेप ते घेतात. तो अगदीच निराधार नाही, कारण पोर्कीचे मन भीतीकडून आसक्तीकडे कसे वळले हे काही वाक्यांत आटोपले आहे. पण अखेर ‘तुम्ही’ या शब्दाचा हिशेब चुकता होतो तेव्हा आक्षेप घेणारेही दचकतात. दिव्याखाली बसून ऐकणारे आणि अंधारात, एकट्याने, कानात ऐकणारे यांची मते इथे सहसा जुळत नाहीत.

मालिकेच्या रिवाजानुसार प्रयोग संपला की चॅपल नटांची नावे सांगतो आणि स्वतः कूपर पुढच्या आठवड्याच्या कथेबद्दल चार शब्द बोलतो. काहींना हा सुटकेचा श्वास वाटतो, तर काहींना रसभंग. सेझार फ्रँकच्या डी मायनर सिंफनीवरून घेतलेल्या शीर्षकधुनेचे मात्र बहुतेकांना कौतुकच आहे. ध्वनिमुद्रणांचा दर्जा हा वेगळा विषय. या मालिकेचे कित्येक भाग खरखरीतून ऐकावे लागतात. काही रसिक तर त्या खरखरीलाही वातावरणाचे श्रेय देतात. हा मात्र नाइलाजाला दिलेला मुलामा आहे.

कूपरने १९३४ साली शिकागोत ‘लाइट्स आउट’ ही मध्यरात्रीची मालिका सुरू केली होती. हाडे मोडण्याचे, मांस फाटण्याचे आवाज हे तिचे वैशिष्ट्य. पुढे आर्च ओबोलरने ती गाजवली. त्या मालिकेचे चाहते ‘फोरबल बोर्ड’ला सौम्य म्हणतात. ‘क्वायट, प्लीज’चे निष्ठावंत श्रोते वेगळ्याच कारणाने कुरकुरतात : या एका भागाच्या कीर्तीमुळे ‘लेट द लिलीज कन्सिडर’ आणि ‘नॉर्दर्न लाइट्स’ हे भाग झाकले गेले, आणि कूपर म्हणजे राक्षसकथा लिहिणारा अशी त्याच्याबद्दल समजूत झाली. त्यांतला पहिला भाग फुलांच्या प्रेमाबद्दल आहे, आणि तो ऐकल्यावर त्यांची तक्रार रास्त वाटते.