आधी विवर की आधी दीर्घिका?

मी बोलतोय बंगळूरच्या यशवंतपूरमधून. इथून जवळच भारतीय विज्ञान संस्थेचं आवार आहे. तिथे प्रतीक शर्मा आणि त्यांचे सहकारी संगणकात दीर्घिकासमूहांचे गाभे उभे करतात. तापलेला वायू थंड होऊन मधल्या महाकाय कृष्णविवराकडे कोसळतो, विवराजवळून झोत उसळतात, वायू पुन्हा तापतो. नवे तारे किती जन्मणार, हे बरंचसं या रस्सीखेचीवर ठरतं.

या सिम्युलेशनच्या इतिहासात कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाचं पान आहे. आपण ते फारसं उघडत नाही.

१९६१ साल. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांची मोजदाद जाहीर केली. मंद स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, म्हणजे फ्रेड हॉइल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत गेलाच! हॉइलचे विद्यार्थी जयंत नारळीकर तेव्हा २२ वर्षांचे. गुरुशिष्यांचं उत्तर असं: स्रोत सारखे विखुरलेले नाहीत, सुमारे १५ कोटी प्रकाशवर्षं पसरलेल्या गटांत आहेत. आपण विरळ जागी असलो तर मोजदाद अशीच दिसेल. नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. संगणकात फासे टाकावेत तसे स्रोत मांडले आणि मोजून पाहिले. एवढे मोठे गट तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. (२०१७ मध्ये नारळीकरांनीच उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुकातल्या संशोधकांनी 'सरस्वती' महासमूह जाहीर केला, तो तब्बल ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला!)

सिद्धांत मात्र टिकला नाही. १९६५ मध्ये विश्वाचं पार्श्वप्रारण सापडलं आणि बहुतेकांनी महास्फोट स्वीकारला. नारळीकर शेवटपर्यंत झुंजत राहिले. मला स्वतःला तो हट्ट पटत नाही, स्पष्टच सांगतो.

पण १९६६ चा हॉइल-नारळीकरांचा निबंध बघा. विषय लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा जन्म. प्रसरण पावणारं द्रव्य धरून ठेवायला मध्यभागी आधीच एक प्रचंड वस्तुमान हवं, असं ते म्हणाले. 'ब्लॅक होल' हा शब्दसुद्धा तेव्हा रुळला नव्हता.

पुढे उलटा क्रम रूढ झाला: आधी दीर्घिका, मग तिच्या पोटात वाढणारं विवर. आता जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या बालपणातच लठ्ठ विवरं दिसताहेत, काही तर आपल्या दीर्घिकेच्या मानाने फारच जड. संगणकात विवराचं बीज कधी आणि केवढं पेरायचं, हा नियम अजूनही बहुधा माणूसच हाताने घालतो, आणि त्यावरून वाद चालू आहे.